एंडॉर्फिनच्या आधी आणि नंतर

लांब पल्ल्याचं धावून आलं की डोक्यातली कलकल थांबते, असं कुणी म्हटलं की ऐकणारा हमखास मान डोलावतो : एंडॉर्फिन! शब्द तोंडात इतका बसलाय की त्यापुढे काही विचारायची गरजच वाटत नाही. पण हे उत्तर जेमतेम पन्नास वर्षांचं आहे आणि मधल्या काळात ते चांगलंच डळमळलं आहे. मन निववण्यासाठी पाय दमवण्याची रीत मात्र फार जुनी.

जपानमध्ये क्योतोजवळ हिएई नावाचा डोंगर आहे. तिथले तेंदाई या बौद्ध पंथाचे भिक्षू 'काइहोग्यो' नावाचं व्रत करतात. त्याचा उगम नवव्या शतकातल्या सोओ या भिक्षूपर्यंत नेला जातो. व्रत एक हजार दिवसांचं, पण सात वर्षांत वाटलेलं. पहिली तीन वर्षं दरवर्षी १०० दिवस, पुढची दोन वर्षं २००-२०० दिवस, रोज सुमारे ३० किलोमीटर. मध्यरात्र उलटल्यावर निघायचं, पायात गवताच्या चपला, वाटेत अडीचशेहून जास्त ठिकाणी प्रार्थना. ७०० दिवस भरले की नऊ दिवस अन्न, पाणी, झोप सगळं बंद. सहाव्या वर्षी रोजचं अंतर ६० किलोमीटर होतं आणि सातव्या वर्षी शंभर दिवस ८४. हे पुरं करणारे १८८५ पासून पन्नासही भरत नाहीत. युसाई साकाई यांनी ते दोनदा केलं. हे धावणं नव्हे, झपाझप चालणं. यात सुखाचं आश्वासन कुठेच नाही. ओठांवर मंत्र, पायाखाली वाट, बस्स. 'ज्ञानबा-तुकाराम'च्या ठेक्यावर पाऊल टाकलेल्या वारकऱ्याला त्यातलं निम्मं तरी न सांगता कळेल.

सुखाची भाषा आली अमेरिकेतून. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये फ्रँक शॉर्टरने मॅरेथॉनचं सुवर्णपदक जिंकलं आणि तिकडे जॉगिंगची लाट उसळली. सॅन डिएगोचे मनोविकारतज्ज्ञ थॅडियस कोस्ट्रुबाला तर रुग्णांना सोबत घेऊन धावू लागले. १९७९ मध्ये विस्कॉन्सिनच्या जॉन ग्राइस्ट यांच्या गटाने नैराश्याच्या मोजक्या रुग्णांवर केलेलं काम छापलं : धावणं मानसोपचाराच्या तोडीस तोड ठरलं होतं. नेमकं त्याच दशकात, १९७५ मध्ये, स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांना मेंदूत अफूसारखं काम करणारी द्रव्यं सापडली होती. धावल्यावर त्यांच्याच जातीचं एंडॉर्फिन रक्तात वाढतं हेही लवकरच दिसलं. मग काय, धावण्याची झिंग म्हणजे घरची अफू, हे समीकरण पक्कं झालं.

अडचण अशी की रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा ते अडवतो. २००८ मध्ये जर्मनीत दहा धावपटूंना दोन तास पळवून मेंदूची चित्रं घेतली, तेव्हा मेंदूच्या आतच ही द्रव्यं सुटत असावीत असं दिसलं आणि जुन्या समीकरणाला थोडा जीव आला. तोवर दुसरा दावेदार उभा होता. १९९२ मध्ये जेरुसलेममध्ये रफाएल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत मेंदूतलं एक गांजासदृश द्रव्य सापडलं. त्याचं नाव आनंदामाइड, सरळ आपल्या 'आनंद' शब्दावरून. हा रेणू तो पडदा सहज ओलांडतो. २००३ मध्ये कळलं की धावल्यावर त्याचंही प्रमाण वाढतं. पुढे २०२१ मध्ये ६३ जणांवर प्रयोग झाला. अफूचा परिणाम रोखणारं औषध दिलं, तरी पंचेचाळीस मिनिटं धावल्यावर उल्हास वाढला आणि चिंता उतरली.

पण ही सगळी चर्चा झिंगेची. कलकल थांबते कशी, या प्रश्नाच्या जवळ जातो तो मेंदूचे अभ्यासक आर्न डीट्रिक यांचा २००३ मधला तर्क. बराच वेळ सगळं शरीर कामाला जुंपलं की मेंदूला हात आखडता घ्यावा लागतो. मग बेत आखणारा, स्वतःचे हिशेब मांडत बसणारा कपाळामागचा भाग तात्पुरता मंदावतो. मला हा तर्क झिंगेपेक्षा जास्त पटतो, कारण पंधराव्या किलोमीटरनंतर उरलेल्या अंतराची साधी वजाबाकीसुद्धा मला जमत नाही. सिद्ध करणं मात्र अवघड. मेंदूचं चित्र घ्यायचं तर डोकं स्थिर लागतं. २००८ च्या त्या प्रयोगातही ते घेतलं गेलं धावणं संपल्यावरच.