शरीरातील चरबीचे घरगुती मापन

शरीराच्या एकूण वजनात चरबीचा वाटा किती टक्के, याचा अंदाज घरीच विजेचा वजनकाटा, शिंप्याचा टेप किंवा कातडीची घडी मोजणारा चिमटा वापरून काढण्याची पद्धत. यांतले कोणतेही साधन चरबी प्रत्यक्ष मोजत नाही. विजेच्या प्रवाहाला होणारा रोध, घेर किंवा जाडी मोजायची आणि समीकरणाने टक्केवारी बांधायची, असा हा हिशेब असतो.

मुंबईत वजनाची जुनी ओळख म्हणजे रेल्वे फलाटावरचे लुकलुकत्या दिव्यांचे यंत्र. नाणे टाकले की पुठ्ठ्याचे तिकीट हातात येई, एका बाजूला किलो आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. त्या किलोत हाडे, स्नायू, पाणी आणि चरबी यांची सरमिसळ असते. उंची आणि वजनावरून काढलेला बीएमआयही ती सोडवू शकत नाही. याचे बोलके उदाहरण २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय २२.३ होता; चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. अंगाने बारीक पण पोट सुटलेला माणूस आपल्याकडे घरोघरी दिसतो. त्याला ‘वजन तर बरोबर आहे’ असे सांगून निर्धास्त करणे धोक्याचे आहे.

विजेचा काटा पायाखालच्या धातूच्या पट्ट्यांतून अत्यंत सौम्य प्रवाह शरीरात सोडतो. स्नायूंत पाणी भरपूर असल्याने प्रवाह तिथून सहज जातो, चरबीत अडतो. किती अडला, त्यात उंची, वय आणि लिंग मिळवून काटा टक्केवारी दाखवतो. म्हणजे सगळी भिस्त पाण्यावर. मे महिन्यात गर्दीच्या लोकलमधून घामाघूम होऊन आलेल्या माणसाचे पाणी घटलेले असते. त्यामुळे रोध वाढून चरबी जास्त दिसू शकते. त्याच वेळी तापलेली, ओली कातडी रोध कमी करते आणि आकडा खाली ओढते. कोणते पारडे जड होईल हे सांगता येत नाही, म्हणून घरी आल्या आल्या काट्यावर चढूच नये. निर्जळी उपवास, आदल्या रात्रीचे खारट जेवण, पाळीच्या दिवसांतली सूज, टाचांवरची जाड भेगाळलेली कातडी हेही आकडा हलवतात. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, कोरड्या अनवाणी पायांनी मोजावे. काटा सपाट, टणक फरशीवर हवा. जुन्या चाळीच्या दबणाऱ्या लाकडी जमिनीवर वजनच चुकते. केवळ पायांचा काटा असेल तर प्रवाह एका पायातून वर जाऊन दुसऱ्यातून उतरतो, त्यामुळे पोटाबद्दल तो फारसे सांगत नाही. पेसमेकर बसवलेल्यांनी हा काटा वापरू नये, गरोदरपणीही टाळावा.

टेप सर्वांत स्वस्त आणि, नीट धरला तर, काट्यापेक्षा भरवशाचा. अडचण असते ती जागेची. पुरुष पँट जिथे बसते तिथे, म्हणजे सुटलेल्या पोटाच्या खाली, माप घेतात. स्त्रिया परकराच्या नाडीच्या रेषेवर घेतात. पँटचा नंबर ३४ असला म्हणजे कंबर ३४ इंच, असे नव्हे. शिंपी कपडा सैल बसावा म्हणून टेपखाली बोटे घालतो. इथे टेप कातडीला टेकलेला पण न रुतणारा हवा आणि माप श्वास सोडल्यावर घ्यावे. हॉजडन आणि बेकेट यांनी १९८४ साली अमेरिकी नौदलासाठी मांडलेल्या पद्धतीत पुरुषांचा घेर बेंबीच्या पातळीवर, स्त्रियांचा सर्वांत अरुंद जागी घेतात. त्याशिवाय मान आणि उंची लागते, स्त्रियांसाठी नितंबांचाही घेर. समीकरणात लॉगॅरिथम असल्याने ते मोबाइलवर सोडवणे सोपे. २०१८ साली आलेले दुसरे सूत्र पाटीवरही सुटते: पुरुषांसाठी ६४ − २० × (उंची ÷ कंबर), स्त्रियांसाठी ६४ऐवजी ७६. यात कंबर नितंबाच्या हाडाच्या वरच्या कडेशी मोजतात.

समजा पुरुषाची उंची १६५ सेंमी, मान ३७ आणि दोन्ही जागी कंबर ९२ आली. नौदलाची पद्धत २४.५ टक्के सांगते, दुसरे सूत्र २८.१. टेप दोन सेंमी आत ओढला तर पहिला आकडा २३.१ होतो. म्हणून यंदा एक पद्धत आणि पुढच्या वर्षी दुसरी, असे करून ‘चरबी उतरली’ म्हणणे फसवे आहे. एकच पद्धत, एकच टेप, शक्यतो तेच हात, आणि महिन्यातून एक-दोनदा मोजणी, इतके पाळले तर फरक खराच पडला का ते कळते. टक्केवारीच्या भानगडीत पडायचे नसेल तर नुसता कंबरेचा घेरही पुष्कळ सांगतो: भारतीयांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंमी ही सावधगिरीची रेषा मानतात.

चिमट्याने दंड, पाठ, कंबर अशा ठिकाणी कातडीची घडी धरून जाडी मोजतात. डर्निन आणि वोमर्सली यांची १९७४ची चार घड्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. खांद्याच्या पात्याखालची घडी स्वतःची स्वतःला धरता येत नाही, आणि आतड्यांभोवतीची चरबी चिमट्यात येतच नाही. शिवाय जाडीवरून टक्केवारी काढणारी त्यांची समीकरणे स्कॉटलंडमधल्या ग्लासगोकडच्या लोकांवर बसवलेली आहेत, नौदलाची अमेरिकी सैनिकांवर. आपल्या अंगाला ती जशीच्या तशी लागू पडतील असे धरू नये.

अधिक खात्री हवी असेल तर डेक्सा ही क्ष-किरणांची तपासणी करतात. हाडांची घनता पाहण्यासाठी हे यंत्र मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांत असते. संपूर्ण शरीराच्या चरबीचा अहवाल मात्र वेगळा मागावा लागतो.