दंश आणि लस यांमधले अंतर : मराठवाड्यातील रेबीजची पार्श्वभूमी

मराठवाड्यात साठीच्या पुढच्या कोणाजवळही कुत्रे चावल्याचा विषय काढला, की आधी ‘पोटातल्या चौदा इंजेक्शनां’ची आठवण निघते. कुत्र्याने ओरबाडले तरी मूल घरी सांगत नाही आणि घरातली मोठी माणसे जखमेवर चुना किंवा तिखट भरून मोकळी होतात, त्यामागे या भीतीचाही वाटा आहे. ही भीती निराधार नव्हती.

रेबीज हा रोग मात्र त्या इंजेक्शनांहून फार जुना. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाचे वर्णन आहे. पाणी दिसताच किंवा अंगाला लागताच जो दचकतो त्याला ‘जलत्रास’ झाला असे समजावे आणि ते मरणाचे चिन्ह मानावे, असे तिथे म्हटले आहे. एवढ्या शतकांनंतरही हे निदान खोटे ठरलेले नाही, कारण लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजचा रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. वाचण्याची संधी असते ती त्याआधी. विषाणू जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो आणि या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात. जखम चेहऱ्यावर किंवा डोक्यावर असेल तर पुष्कळ कमी. याच अवधीचा उपयोग करून लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली आणि तो वाचला.

भारतात १९०० साली हिमाचलातल्या कसौलीला आणि १९०७ साली तमिळनाडूतल्या कुन्नूरला ही लस देणारी पाश्चर संस्था उभी राहिली. निजामाच्या राज्यातल्या एखाद्या खेड्यातून, बैलगाडीने स्टेशन गाठून, ही दोन्ही ठिकाणे शेकडो कोसांवर होती. कसौलीत डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास मेंढीच्या मेंदूपासून, कार्बोलिक आम्लाने विषाणू मारून, लस तयार केली. ती स्वस्त होती, देशात बनत होती, आणि तिनेच हा उपचार हळूहळू जिल्ह्याच्या दवाखान्यांपर्यंत आणला. पण तिच्यात मेंदूचा अंश असल्याने काही रोग्यांना लसीमुळेच पक्षाघात होत असे. शिवाय बेंबीभोवती रोज एक सुई, तीही दहा ते चौदा दिवस, म्हणजे मजुराचा तितक्या दिवसांचा रोजगार बुडालाच. अनेकजण मधेच उपचार सोडून देत, आणि त्यांना बेफिकीर म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

ही लस देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींतून बनलेली आजची लस दंडाच्या स्नायूत देतात. २००६ पासून ती कातडीतही देता येते. कातडीत घेतली तर पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा यावे लागते; स्नायूत घेतली तर चौदाव्या दिवशीही. कातडी फाटून रक्त आलेल्या जखमेत याखेरीज सीरमही, म्हणजे विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडे, भरावे लागते.

याच काळात गावाबाहेरचे चित्रही बदलले. मेलेले ढोर पूर्वी गिधाडे पाहता पाहता साफ करीत. जनावरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे १९९० नंतर देशातली गिधाडे ९० टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये त्या औषधाचा जनावरांसाठीचा वापर थांबवण्यात आला, पण तोवर उघड्यावर पडलेले मांस कुत्र्यांच्या वाट्याला आले होते. त्यातूनच दुसरा एक धोका पोसला जातो. मेंढी किंवा बकरे कापल्यावर गाठी असलेले काळीज (यकृत) वा फुप्फुस कुत्र्यापुढे टाकले, की कुत्र्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून कुरणात, भाजीपाल्यावर आणि कुत्र्याच्या केसांवर येतात. ती माणसाच्या पोटात गेली, तर काळजात पाण्याची गाठ वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढत राहते. मेंढपाळाच्या वाड्यावर कुत्रा घरच्या माणसासारखा वावरतो, तिथे हे लक्षात ठेवणे फार गरजेचे आहे.

रेबीजवरचा पहिला उपाय मात्र दवाखान्याच्याही आधीचा आहे : वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुणे. विषाणूचे आवरण चरबीचे असल्याने साबण ते मोडतो. सांगायला हे सोपे आहे, पण २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीत पंधरा मिनिटांचे वाहते पाणी म्हणजे घागरीमागून घागर. अशा वेळी एकाने घागरीची धार धरावी आणि दुसऱ्याने साबण लावून जखम चोळावी, हे आशाताईंनी घराघरांत करून दाखवायला हवे.

आता लस प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. म्हणजे कसौलीचे अंतर काही कोसांवर आले. तरी बीडची ऊसतोड टोळी दिवाळीच्या सुमारास घर सोडते आणि फडामागून फड बदलत जाते. कोपीबाहेर पोराला कुत्रे चावले, तर पहिली सुई एका गावात होते आणि अठ्ठाविसावा दिवस उजाडतो तेव्हा टोळी दुसऱ्या तालुक्यात, कधी कर्नाटकात असते. राहिलेला डोस तिथल्या सरकारी दवाखान्यात घेता येतो आणि चार दिवस उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, एवढे पहिल्याच भेटीत आईबापांना सांगून केसपेपर त्यांच्या हाती दिला, तर ते पोर उरलेल्या सुयांसाठी नेले जाण्याची शक्यता वाढेल.