मडगावचा पाऊस आणि शंभर उंबरठे

१८ जून हा गोव्यात हमखास पावसाचा दिवस. गोवा क्रांतिदिनाच्या कार्यक्रमाला मडगावच्या लोहिया मैदानावर गेलं, की मांडवातल्या खुर्च्यांपेक्षा समोरच्या दुकानांच्या वळचणीला जास्त माणसं दिसतात. मीही बहुतेक वेळा वळचणीलाच असतो. १९४६ सालीही त्या दिवशी असाच धो धो पाऊस होता. तेव्हा वळचणीला उभ्या असलेल्या माणसाने पुढचं पाऊल टाकायचं कधी ठरवलं असेल, हा प्रश्न मला भाषणांपेक्षा जास्त खुणावतो. या प्रश्नावर गेल्या पन्नासेक वर्षांत बरंच शास्त्र उभं राहिलं आहे.

प्रसंग शाळेपासून ऐकलेला. आग्र्याच्या तुरुंगातून सुटलेले राममनोहर लोहिया विश्रांतीसाठी असोळण्याला आले होते, बर्लिनमध्ये शिकत असतानाचे मित्र डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी. विश्रांती बाजूला राहिली आणि दोघे घोडागाडीतून मडगावला आले. सभेला बंदी होती. आदमिनिस्त्रादोर, म्हणजे पोर्तुगीज प्रशासक, कॅप्टन मिरांडाने पिस्तूल काढलं, लोहियांनी त्याचा हात धरून बाजूला सारला. दोघांना अटक झाली. म्हणजे सभा अशी धड झालीच नाही.

तरीही काहीतरी मोठं झालं होतं. तोवर 'हे राज्य नको' असं मनात असणारा माणूस ते मनातच ठेवत होता. शेजाऱ्याच्याही मनात तेच असेल, असा अंदाज त्याला असेल. पण शेजाऱ्याला आपला अंदाज आहे की नाही, हे कळायला वाव नव्हता. त्या दुपारी सगळ्यांनी एकच हात बाजूला सारला जाताना पाहिला, आणि सगळे तो पाहताहेत हेही पाहिलं. सुटी सुटी माहिती सगळ्यांची मिळून एक झाली. रस्त्यावरच्या निदर्शनाचं खरं काम हेच असतं. घोषणा काय दिल्या ते पुष्कळदा दुय्यम.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीला हे पक्कं ठाऊक असावं. त्या काळी लग्नाची पत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावी लागे, हे गोव्यातल्या जुन्या घरांत अजून हसत हसत सांगतात. मला पूर्वी तो निव्वळ मूर्खपणा वाटे. मग हार्वर्डच्या गॅरी किंग आणि दोन सहकाऱ्यांचं २०१३ सालचं संशोधन वाचलं. चिनी समाजमाध्यमांवरचा मजकूर सेन्सॉरची कात्री लागण्याआधीच त्यांनी गोळा करून ठेवला आणि नंतर त्यातलं काय गायब झालं ते तपासलं. पुढाऱ्यांवरची कडक टीका बऱ्याचदा जागच्या जागी होती. पुसलं जात होतं ते माणसं एकत्र येतील असं काहीही, मग तो मजकूर सरकारच्या बाजूचा का असेना. पत्रिकेत तरी दुसरं काय असतं? अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, सहकुटुंब सहपरिवार जमावे.

आता वळचणीच्या माणसाकडे येऊ. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ साली एक साधं गणित मांडलं, आणि त्याला त्यांनी दिलेलं नाव मराठीत आयतंच बसतं: उंबरठा. किती माणसं आधी रस्त्यावर उतरलेली दिसली म्हणजे मी उतरेन, तो माझा उंबरठा. समजा चौकात शंभर जण आहेत. पहिल्याचा उंबरठा शून्य, तो कुणाची वाट बघत नाही. दुसऱ्याला एक माणूस दिसायला हवा, तिसऱ्याला दोन, असं करत शंभराव्याला नव्याण्णव. पहिला निघतो, त्याला पाहून दुसरा, आणि बघता बघता चौक भरतो. आता फक्त दुसऱ्या माणसाचा उंबरठा एकाऐवजी दोन करा. पहिला निघतो, दुसरा थांबतो, तिसराही दोघांची वाट बघत थांबतो. पावसात एक माणूस एकटा ओरडत उभा. बाकी नव्याण्णव जण होते तस्सेच आहेत, शंभरांची सरासरी नाराजीही जवळपास तेवढीच. बाहेरून पाहणारा मात्र पहिल्या गावाला क्रांतिकारक म्हणेल आणि दुसऱ्याला सुशेगाद, म्हणजे निवांत.

हे गणित मी एकदा वालाच्या दाण्यांवर नंबर घालून भाचरांना करून दाखवलं होतं. दुसरा दाणा काढून घेतल्यावर धाकटी म्हणाली, "मामा, मग त्या पहिल्याचं काय झालं?"

पहिल्यांचं काय होतं, हे गोव्याला चांगलंच ठाऊक आहे. १९४६ च्या त्या पावसाळ्यानंतर सत्याग्रह होत राहिले आणि सरकारने नेमक्या कमी उंबरठ्याच्या माणसांना उचललं. गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातले नेते त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि समुद्रापार, पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. आणखीही काही जणांची अशीच रवानगी झाली. समुद्रापार धाडलेले मूठभर होते, पण प्रत्येक शिक्षेसरशी बाकीच्यांचे उंबरठे वीतभर वर गेले. शिवाय गोव्याजवळ एक हुकमी चोरवाट होती: मुंबई. ज्याला इथलं सोसवेना तो बोट पकडून गिरगाव-धोबीतलावला जात असे. घरी मनीऑर्डर येई, पण चौकातला शून्य नंबरचा माणूस कमी होई. आपल्या स्वातंत्र्यलढ्याच्या लेखनात या चोरवाटेचा हिशेब फारसा कुणी मांडत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

साखळी तुटली नाही तर काय होतं, ते १९८९ साली पूर्व जर्मनीतल्या लायपझिगमध्ये दिसलं. तिथल्या निकोलाय चर्चमध्ये दर सोमवारी प्रार्थना होई आणि प्रार्थनेनंतर माणसं बाहेर पडून चालू लागत. सप्टेंबरअखेर ती काही हजार होती, ९ ऑक्टोबरला सत्तर हजारांच्या आसपास. त्या रात्री गोळीबार होणार, अशी धास्ती शहरभर होती. तो झाला नाही, आणि पुढच्या सोमवारी लाखावर माणसं आली. ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडली. राज्यशास्त्रज्ञ सुझान लोमन यांनी या सोमवारांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं की लोक नुसता आकडा बघत नाहीत, कोण आलंय तेही बघतात. नेहमीचेच चार तापट चेहरे असतील तर त्यातून काही कळत नाही. बाजाराची पिशवी घेतलेली बाई, शाळामास्तर, सायकलवाला दिसला की समोरची बातमीच बदलते.

इथवर सगळं जुळून येतं, म्हणून थोडा अडसर घालतो. हाँगकाँगमध्ये १ जुलै २०१६ च्या मोर्च्याआधी काही अर्थशास्त्रज्ञांनी एका विद्यापीठातल्या हजाराहून जास्त विद्यार्थ्यांना विचारलं, की तुमच्यापैकी किती जण जातील असं वाटतं? मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांतले काही जण निवडून, इतरांचा खरा बेत त्यांना कळवला. उंबरठ्याच्या गणितानुसार, 'अरे, वाटलं त्यापेक्षा जास्त जण जाताहेत' असं कळलेला विद्यार्थी जास्त उत्साहाने निघायला हवा. झालं उलटं. जास्त जण जाणार हे कळल्यावर जाण्याची शक्यता कमी झाली. गावजेवणाला वाढपी पुष्कळ आहेत म्हटल्यावर आपण पंगतीत बसतो, तसंच. मोर्चा दरवर्षीचा, धोका माफक, तर माझ्यावाचून काय अडलंय? जिथे एकट्याने जाणं म्हणजे पेनिशचा किल्ला, तिथे गर्दी धीर देते. जिथे तेवढं भय नाही, तिथे गर्दी सुट्टीही देते. निदान मी तरी असा अर्थ लावतो.

मग हुकूमशाहीत लोकांच्या मनात काय आहे, ते मोजायचं कसं? दारावर जाऊन विचारलं तर उत्तर ठरलेलं. तिमूर कुरान या अर्थतज्ज्ञाने दाखवलं की असा दुटप्पीपणा लाखो लोक एकाच वेळी करत असतात, म्हणून राजवटी पडण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भक्कम दिसतात. यावर एक युक्ती आहे. थोडा खट्याळ गोमंतकीय नमुना देतो. निम्म्या लोकांना तीन विधानं द्या: मासळी परवडेनाशी झाली आहे, गोवा पावसाळ्यातच खरा सुंदर दिसतो, शिगम्याला जास्त सुट्ट्या हव्यात. यातली किती पटतात, एवढाच आकडा सांगा, कुठली ते नको. उरलेल्या निम्म्यांना हीच तीन आणि चौथं: 'पोर्तुगीज काळच बरा होता.' पहिल्या गटाची सरासरी १.८ आली आणि दुसऱ्याची २.१, तर चौथं विधान साधारण ३० टक्के लोकांना पटतं. चारही पटतात म्हणणारा सोडला, तर त्यातला एकही जण पकडला जात नाही.

२०१५ साली रशियात पुतीन यांच्या लोकप्रियतेवर ही युक्ती वापरली गेली. थेट विचारल्यावर येणाऱ्या आकड्यापेक्षा यादीतून आलेला आकडा कमी होता, पण फार तर दहाएक टक्क्यांनी. म्हणजे तेव्हाचा पाठिंबा बराचसा खराच होता. मुखवट्यामागे दर वेळी विरोधकच असतो असं नाही, हे आपल्यासारख्यांना पचायला जरा जड जातं.

मोजमापाची खरी अडचण राज्यकर्त्याचीच होते. सगळ्यांची तोंडं बंद केली की त्यालाही काही ऐकू येत नाही. सालाझारने १९५५-५६ मध्ये ओर्लांदो रिबेरो या भूगोलतज्ज्ञाला गोव्याच्या पाहणीसाठी पाठवलं. रिबेरो देशभक्त पोर्तुगीज, पण माणूस प्रामाणिक. आपण पाहिलेल्या सगळ्या पोर्तुगीज मुलखांत गोवा सर्वांत कमी पोर्तुगीज आहे, असं त्यांनी सरकारला कळवलं. तो अहवाल पुस्तकरूपाने बाहेर आला १९९९ साली. मधल्या काळात 'गोंयकार आमच्यावर खूश आहेत' हे जगाला सांगणं चालूच होतं. २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये लष्करातल्या अधिकाऱ्यांनी ती राजवट उलथवली, तेव्हा रेडिओवरून लोकांना घरातच थांबायला सांगितलं जात होतं. लोक थांबले नाहीत. सैनिक आपल्या बाजूचे दिसल्यावर उंबरठे एका सकाळीत भुईसपाट झाले.

गोव्यात मात्र १९६१ च्या डिसेंबरात लष्कर आलं, आणि चौकातली साखळी आपणहून कुठवर गेली असती हे गणित अर्धवटच राहिलं. एका थेट प्रश्नावर लोकांचं मन बंद खोक्यात मोजलं गेलं ते पाच वर्षांनी, आणि तो प्रश्न निराळाच होता. १६ जानेवारी १९६७ चा जनमतकौल: महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाला फूल, वेगळा संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) राहण्याला दोन पानं. विलीनीकरण व्हावं म्हणणारा महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्ष सत्तेवर होता, कौल निःपक्ष व्हावा म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला होता. फुलाला १,३८,१७० मतं पडली, दोन पानांना १,७२,१९१. आणि दोनेक महिन्यांनी निवडणूक झाली तेव्हा त्याच मतदारांनी त्याच बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवलं.

आमचं घर मराठीवाल्यांचं, पक्कं फुलाचं. दारावर फूल, आजोबांच्या खिशावर फूल, ओसरीवर सभा. कौलाच्या संध्याकाळी आजोबांनी आजीला विचारलं, "फुलावरच मारलास ना शिक्का?" आजी भाकऱ्या थापत होती. "गुप्त असतंय ना ते?" म्हणाली, आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.