सेकंदाच्या दहाव्या भागात होणारी उजळणी

उंदीर भूलभुलैयात पळत असतो तेव्हा त्याच्या हिप्पोकॅम्पसमधून, म्हणजे मेंदूतल्या स्मृतीशी जोडलेल्या भागातून, संथ, नियमित विद्युतलाटा उठत असतात. सेकंदाला साधारण ६ ते १० आवर्तनं. ही थीटा लय. तो थांबला, खायला लागला, अंग चाटायला लागला किंवा गाढ झोपला, की ही लय मोडते. मग मधूनच विद्युतदाबाचा एक मोठा झोका येतो आणि त्याच्यावर बारीक, वेगवान थरथर उमटते. तिचा वेग सेकंदाला १५० ते २०० कंपनांच्या आसपास असतो आणि ती बहुतेकदा ५० ते १०० मिलिसेकंदांत संपते. हिला शार्प वेव्ह रिपल म्हणतात, संशोधकांच्या बोलण्यात नुसतं ‘रिपल’.

झोका आणि थरथर यांचा उगम वेगवेगळा आहे. हिप्पोकॅम्पसच्या सीए-३ या भागातल्या चेतापेशी एकमेकींशी दाट जोडलेल्या असतात. त्यातल्या बऱ्याच एकदम पेटल्या, म्हणजे विद्युतसंदेश सोडू लागल्या, की त्यांचा संदेश शेजारच्या सीए-१ भागातल्या पेशींच्या फांद्यांवर आदळतो, झोका तिथला. त्या धक्क्याने सीए-१ मधल्या उत्तेजक पेशी आणि त्यांना आवर घालणाऱ्या पेशी यांच्यात जी वेगवान ओढाताण सुरू होते, ती थरथर.

एवढ्याशा घटनेला इतकं महत्त्व का, ते पेशींच्या क्रमात कळतं. जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्स्की यांनी १९७१ मध्ये दाखवलं, की हिप्पोकॅम्पसमधल्या काही पेशी प्राणी एका ठराविक जागी आला की पेटतात. वाटेवरच्या जागांप्रमाणे या पेशी एकामागून एक पेटत जातात. मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांना १९९४ मध्ये आढळलं, की धावताना ज्या पेशी जोडीने पेटल्या होत्या त्या नंतरच्या झोपेतही जोडीने पेटतात, विशेषतः रिपलच्या वेळी. पुढे क्रमही सापडला: जी वाट कापायला काही सेकंद लागले, तिची उजळणी एका रिपलमध्ये उरकते. धाव संपवून उंदीर जागाच थांबलेला असतो तेव्हा हा क्रम उलटाही चालतो, शेवटच्या जागेपासून पहिल्या जागेकडे.

आता हे संकेत मेंदूतून नोंदवण्याकडे वळू, कारण खरी कसोटी तिथे लागते. त्यासाठी मेंदूत टेट्रोड उतरवतात. टेट्रोड म्हणजे केसाहून बारीक, १२-१३ मायक्रॉन जाडीच्या चार तारांचा पीळ. टोकांवर सोन्याचा मुलामा देऊन त्यांचा विद्युतरोध काहीशे किलोओहमपर्यंत खाली आणतात, नाहीतर नुसता खरखराट येतो. सीए-१ मधला पेशींचा मुख्य थर जेमतेम ५०-१०० मायक्रॉनचा. म्हणून स्क्रू फिरवत तार दिवसेंदिवस, थोडी थोडी खाली नेतात आणि दरवेळी काही तास थांबतात. तारेबरोबर ऊतीही दबते आणि मग हळूहळू परत वर येते. घाई केली तर आज थरात असलेलं टोक उद्या थराच्या खाली गेलेलं असतं. थर जवळ आल्याची खूण म्हणजे रिपल ठळक होत जाणं. मुख्य झोका थराच्या वरच्या बाजूला धन दिसतो आणि खाली गेल्यावर ऋण होतो. तो उलटला की टोक पुढे गेलं, असं समजायचं. तार मागे ओढून काम क्वचितच सुधारतं, कारण वाटेतली ऊती आधीच दुखावलेली असते.

नोंदीतून रिपल वेचण्याची रीत तशी सरळ आहे. सेकंदाला हजाराहून जास्त नमुने असलेला संकेत घ्यायचा, त्यातला फक्त १५० ते २५० हर्ट्झचा पट्टा गाळून ठेवायचा, त्याची ताकद मोजून ती किंचित गुळगुळीत करायची आणि ती सरासरीपेक्षा तीन ते पाच प्रमाण विचलनांनी वर गेली की घटना धरायची. १५-२० मिलिसेकंदांहून छोट्या घटना सोडायच्या. प्राणी सेकंदाला ४-५ सेंटिमीटरपेक्षा वेगाने चालत असेल, तर तो काळही वगळायचा.

घोटाळे इथेच होतात. सर्वात फसवी गोष्ट म्हणजे गाळणीच. कोणताही तीक्ष्ण खडा, मग तो एखाद्या पेशीचा स्पाइक (क्षणभराचा विद्युतस्पंद) असो की केबलचा झटका, अरुंद पट्ट्यातून गेला की गाळणीच्या दुसऱ्या टोकाला सुबक थरथर होऊन बाहेर पडतो. दाणे चावताना जबड्याच्या स्नायूंचा आवाजही याच पट्ट्यात येतो, आणि उंदीर खातो तेव्हाच तर खरे रिपलही येतात. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर त्याची तिसरी आणि चौथी पट, म्हणजे १५० आणि २०० हर्ट्झ, थेट या पट्ट्यात बसते. प्रमाण विचलन काढताना असे आवाज आत राहिले तर उंबरठा फुगतो आणि खरे पण लहान रिपल गळून पडतात. म्हणून सीए-१ च्या बाहेर एक तार ठेवावी आणि दोन्हीकडे एकाच क्षणी दिसणारी थरथर टाकून द्यावी. शिवाय निदान शंभरेक घटना न गाळलेल्या नोंदीवर डोळ्यांनी तपासाव्यात. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

रिपल स्मृतीसाठी खरंच लागतात की नुसते सोबत येतात? गॅब्रिएल जिरार्दो, मिकाएल झुगारो आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याची परीक्षा घेतली. आठ वाटांच्या भूलभुलैयात रोज त्याच तीन वाटांवर खाऊ ठेवलेला असे. सरावानंतरच्या विश्रांतीत रिपल सुरू होताच एक छोटा विजेचा स्पंद देऊन तो मोडला गेला. या उंदरांचं शिकणं मागे पडलं. प्रयोगाचा कणा मात्र तुलनेच्या गटात आहे. त्या उंदरांनाही रिपल ओळखूनच स्पंद दिले, पण सुमारे दहावा भाग सेकंद उशिरा, रिपल उलटून गेल्यावर. वीज सारखीच होती, फरक फक्त वेळेचा होता. ही तुलना नसती तर विजेच्या धक्क्यानेच मेंदू गोंधळला, असं कुणीही म्हणू शकलं असतं. २०१९ मध्ये अँटोनियो फर्नांदेझ-रुइझ, ग्यॉर्गी बुझाकी आणि सहकाऱ्यांनी उलट बाजू तपासली: प्रकाशाने पेशी चेतवून रिपल लांबवले, तेव्हा उंदरांची स्मृती सुधारली.

माणसात रिपलचा वेग कमी असतो, साधारण ८० ते १४० हर्ट्झ, त्यामुळे उंदरासाठीची गाळणी तशीच वापरली तर बरेचसे हातचे जातात. हिप्पोकॅम्पस खोलवर असल्याने डोक्याच्या त्वचेवरच्या ईईजीत ते भरवशाने सापडत नाहीत. त्यांच्या नोंदी मुख्यतः अपस्माराच्या रुग्णांकडून मिळतात, ज्यांच्या मेंदूत उपचारासाठी खोल इलेक्ट्रोड आधीच बसवलेले असतात. पण अपस्माराचे तीक्ष्ण स्पाइकही त्याच गाळणीतून रिपलसारखे दिसतात. म्हणून आजाराचं केंद्र जिथे आहे तिथले इलेक्ट्रोड विश्लेषणातून बाद करावे लागतात, आणि उरलेल्यांतही स्पाइकच्या आगेमागचा काळ कापून टाकावा लागतो.