युद्ध तिकडे, पासपोर्ट इकडे

२९ ऑक्टोबर २०२३ची संध्याकाळ. रशियाच्या दागेस्तान प्रांतात, मखाचकलाच्या विमानतळावर शेकडो माणसं घुसली. इस्रायलमधल्या तेल अवीवहून विमान आलं होतं. काही जण थेट धावपट्टीवर पोचले, काही जण बाहेर पडणाऱ्यांना अडवून पासपोर्ट तपासू लागले. ज्यू कोण आहे, एवढंच त्यांना शोधायचं होतं. इस्रायलचं युद्ध चाललं होतं ते गाझा तिथून दीड हजार किलोमीटरच्याही पलीकडे. पण 'इस्रायलचे निर्वासित इथे आणून वसवताहेत' अशी आवई टेलिग्रामवर उठली होती. तेवढं पुरलं.

गाझातली दृश्यं पाहून कुणाचाही जीव तुटेल. इस्रायल सरकारवर कडाडून टीका करणं म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. तशी टीका करणारे ज्यूही पुष्कळ आहेत. द्वेष पेरणारा डाव साधतो तो त्याच्या पुढे. सरकार, देश, धर्म आणि विमानातून उतरलेली एखादी बाई, हे सगळं तो एका 'त्यांनी'त कोंबतो. 'त्यांनी केलं' म्हटलं की नेमकं कुणी, हा प्रश्नच उरत नाही. हाताशी सापडेल तो ज्यू चालतो.

हे पसरतं कसं? एखादं विधान वारंवार कानावर पडलं की ते खरं वाटू लागतं, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७७ सालीच प्रयोगाने दाखवलं होतं. २०१७ मध्ये ट्विटरवरच्या लाखो संदेशांचा अभ्यास झाला. नीती आणि भावना दोन्हींना डिवचणारा प्रत्येक जादा शब्द संदेशाचा प्रसार सुमारे २० टक्क्यांनी वाढवतो, असं त्यात आढळलं. युद्धाच्या बातमीत असे शब्द आयते मिळतात. संताप खरा असतो, त्याला पत्ता मात्र दुसराच कुणीतरी चिकटवतो.

कधीकधी तर त्या दुसऱ्याला ज्यूंशी किंवा पॅलेस्टिनींशी काही देणंघेणंही नसतं. त्याच ऑक्टोबरात पॅरिस आणि आसपासच्या भिंतींवर निळे षट्कोनी तारे, म्हणजे ज्यूंचं चिन्ह, उमटले. मोल्दोवाचं एक जोडपं पकडलं गेलं. त्या ताऱ्यांचे फोटो रशियाशी जोडलेल्या बनावट खात्यांच्या जाळ्याने २८ तारखेलाच टाकले होते. खऱ्या माणसांचे फोटो दिसू लागले ३० तारखेला! फ्रान्सच्या परराष्ट्र खात्याने हे जाळं उघड केलं.

निमित्त इस्रायलचंच लागतं असंही नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, ११ जणांना मारणाऱ्याच्या डोक्यात मध्य अमेरिकेतून येणारे स्थलांतरित होते. त्यांना ज्यूच आणताहेत, अशी त्याची खात्री पटली होती.

आणि इंटरनेटला तरी किती बोल लावायचा? युरोपात प्लेग पसरत होता तेव्हा 'विहिरींत विष ज्यूंनीच कालवलं' ही अफवा गावोगाव पोचली. १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबुर्गमध्ये शेकडो ज्यूंना जाळलं गेलं. प्लेग तेव्हा त्या शहरात आलेलाही नव्हता.