जागा वाढवल्या की रांग का वाढते?

2023 ची तलाठी भरती आठवत असेल. जागा 4,644 आणि अर्ज 10 लाखांच्या वर. तेव्हापासून एसटीत, लग्नात, पारावर कुठेही हा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "सरकारने सगळ्या रिक्त जागा भरल्या ना, की सुशिक्षित बेकारी आपोआप संपेल." वाक्य इतकं सरळ आहे की कुणी वाद घालत नाही. पण ते बरोबर नाही, आणि ते का बरोबर नाही हे शोधायला गेलं की अर्थशास्त्रातली एक इतकी देखणी गोष्ट हाती लागते की मला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी एक आकडा बघा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2024 च्या भारतावरच्या अहवालात म्हटलंय की 2022 साली आपल्याकडे पदवीधर तरुणांमधली बेरोजगारी 29.1 टक्के होती आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांमधली फक्त 3.4 टक्के. म्हणजे शिकून नुकसान झालं का? तसं नाही. बेरोजगार कोणाला म्हणायचं, तर जो काम शोधतोय पण ज्याच्याकडे काम नाही त्याला. ज्याच्या घरात आज पैसे आले नाहीत तर उद्या चूल पेटणार नाही तो सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहतो, मिळेल त्या रोजावर जातो, त्याला बेरोजगार राहणं परवडतच नाही. पदवीधर पोराच्या मागे बापाची चार एकर किंवा पेन्शन असते, त्यामुळे तो थांबू शकतो. आणि थांबण्यासारखं काहीतरी समोर दिसतं म्हणून तो थांबतो.

आता ती देखणी गोष्ट. समजा एका तालुक्यात 1,000 पदवीधर आहेत. खाजगी नोकरी कोणालाही उद्या मिळते, पगार 15,000. सरकारी नोकरीचा मोबदला धरा 45,000 (यात नुसता पगार नाही, नोकरीची हमी, लग्नाच्या बाजारातली पत, सगळं पैशात मोजून धरलंय). पण सरकारी नोकरी पाहिजे तर खाजगी सोडून पूर्णवेळ अभ्यासाला बसावं लागतं. किती पोरं बसतील? जोपर्यंत "मिळण्याची शक्यता गुणिले 45,000" हे 15,000 पेक्षा जास्त आहे तोपर्यंत नवीन माणूस रांगेत येत राहील, आणि शक्यता तीनात एक झाली की दोन्ही बाजू सारख्या होऊन रांग वाढायची थांबेल. म्हणजे 100 जागा असतील तर रांगेत 300 जण, त्यातले 200 रिकामे.

आता सरकारने दिलदारपणे जागा दुप्पट केल्या, 200. रांग किती? शक्यता पुन्हा तीनात एक होईपर्यंत माणसं येत राहणार, म्हणजे 600. रिकामे किती? 400! जागा दुप्पट, बेकारही दुप्पट. सूत्रच मांडायचं तर बेकार = जागा × (सरकारी मोबदला ÷ खाजगी मोबदला − 1). कंसातल्या भागाकडे नीट बघा, सगळा खेळ तिथे आहे. आता जागा 200 च ठेवा पण खाजगी नोकरीची किंमत 15,000 वरून 22,500 करा. गुणोत्तर तीनाचं दोन झालं, रांग 400 वर आली, बेकार 200. एकही जागा कमी न करता बेकारी निम्मी.

हा विचार हॅरिस आणि टोडारो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 1970 साली मांडला, तो मुळात खेड्यातून शहरात येणाऱ्या माणसांबद्दल होता. त्यामागे केनियाचा अनुभव होता. तिथे 1964 मध्ये सरकार, मालक आणि कामगार संघटनांनी मिळून करार केला की सरकारने आणि खाजगी मालकांनी ठरावीक टक्के माणसं जास्त घ्यायची, कामगारांनी पगारवाढ मागायची नाही. नोकऱ्या निघाल्या हे कळल्यावर खेड्यांतून इतके लोक नैरोबीला आले की शहरातली बेकारी हटलीच नाही. इजिप्तनेही साठच्या दशकात प्रत्येक पदवीधराला सरकारी नोकरीची हमी दिली होती, पुढे नाव नोंदवून कित्येक वर्षं वाट बघत बसणारी पिढी तयार झाली.

मग जागा काढूच नयेत का? मॉडेल तसंच सांगतंय असं वाटेल, पण इथे तमिळनाडूचं उदाहरण आडवं येतं. तिथे 2001 ते 2006 या काळात बहुतेक सरकारी भरती बंद होती. रांग आटायला हवी होती ना? अर्थशास्त्रज्ञ कुणाल मंगल यांनी त्यावर संशोधन केलं आणि उलटंच दिसलं, त्या काळात कॉलेजातून बाहेर पडलेली मुलं जास्त काळ पूर्णवेळ काम न करता बसली आणि नंतर त्यांची कमाईही मागे राहिली. माझ्या मते याचं कारण असं की आमचं सोपं सूत्र शक्यता आजची धरतं आणि माणूस उद्याची धरतो, "यंदा नाही तर पुढच्या वर्षी निघतीलच की जागा" असं म्हणून तो थांबतो, आणि जितकी वर्षं घातली तितकं सोडणं जड जातं. रिक्त जागा भरायलाच हव्यात, शाळेला शिक्षक आणि गावाला तलाठी पाहिजे म्हणून. त्याला बेकारीवरचं औषध म्हणू नये एवढंच.

माझा मावसभाऊ सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सहा वर्षं होता. प्लायवूडचा दोन फुटी कप्पा, त्यावर नाव लिहिलेली चिकटपट्टी, आतल्या बाजूला परीक्षेची तारीख लिहिलेला कागद. ती तारीख तीनदा खोडलेली, चौथ्यांदा पेन्सिलीने लिहिलेली. त्या कागदाने मला जेवढं शिकवलं तेवढं पुस्तकांनी नाही. जाहिरात कधी येणार, निकाल कधी लागणार हे माहीत नसलं की माणूस ना अभ्यास सोडू शकतो ना दुसरं काम धरू शकतो. ठरलेलं वेळापत्रक आणि ते पाळणं याला सरकारला फार खर्च येत नाही, पण प्रत्येक पोराच्या आयुष्यातली दोन-दोन वर्षं त्याने वाचतील. मावशीने त्या काळात एका ज्योतिषाला पत्रिका दाखवली, त्याने "नोकरीचा योग साडेसातीनंतर" सांगून खडा घालायला लावला. 4,644 जागा आणि 10 लाख अर्ज यांचा भागाकार कोणत्याही खड्याने बदलत नाही, आणि "शंभर टक्के सिलेक्शन" लिहिणाऱ्या क्लासच्या फ्लेक्सनेही नाही. फ्लेक्सवर फक्त निवड झालेल्यांचे फोटो असतात, बाकीच्यांचे कुणी लावत नाही, म्हणून शक्यता आपल्याला आहे त्यापेक्षा मोठी वाटते.

कंसातलं गुणोत्तर कमी करायचं तर खाजगी नोकरीची किंमत वाढायला हवी. नुसतं फर्मान काढून पगार वाढवले तर छोटे मालक माणसंच कमी घेतील. पण नेमणूकपत्र हातात मिळणं, पीएफ खरोखर भरला जाणं, पगार वेळेवर होणं, हे कायद्यात आधीच आहे, फक्त तपासायला माणूस जात नाही. आपल्याकडे 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली, पदवीधराला महिना 10,000 विद्यावेतन. कल्पना चांगली, पण बरीच मुलं सरकारी कार्यालयांत आणि शाळांत लागली, आणि मुदत संपल्यावर "कायम करा" ही मागणी आली. मला त्या मुलांचा राग येत नाही, त्यांना रांगेच्या अगदी तोंडाशी नेऊन उभं केलं तर ती तिथून का हलतील?

दुसरी गोष्ट म्हणजे मालकाला माणूस कळत नाही ही अडचण. इथिओपियात आदिस अबाबामध्ये एक प्रयोग झाला. काही तरुणांना काम शोधायला जाण्यासाठी बसभाडं दिलं, काहींना अर्ज-मुलाखत शिकवली आणि चाचण्या घेऊन कौशल्याचं प्रमाणपत्र दिलं. चार वर्षांनी बघितलं तर बसभाडंवाल्यांच्या कमाईत फरक नव्हता, प्रमाणपत्रवाल्यांची कमाई मात्र चांगलीच वाढलेली.

यूपीएससीने याच धर्तीवर प्रतिभा सेतू नावाची सोय केली आहे, मुलाखतीपर्यंत पोचून निवड न झालेल्यांची माहिती त्यांच्या संमतीने कंपन्यांना मिळते. पण ती मुलाखतीपर्यंत गेलेल्यांसाठी, तलाठी-पोलीस भरतीच्या लाखो पोरांना तिचा उपयोग नाही. माझा भाऊ एकदा दोन मार्कांनी राहिला होता. दहा लाखांत त्याचा नंबर कितवा, गणितात किती, मराठीत किती, हे एका कागदावर सही-शिक्क्यानिशी त्याला मिळालं असतं तर तो कागद घेऊन तो कुठल्याही बँकेत, कारखान्यात, पतसंस्थेत गेला असता. त्याऐवजी त्याच्या बायोडेटात सहा वर्षांच्या जागी "स्पर्धा परीक्षेची तयारी" एवढंच लिहिलेलं होतं, आणि मुलाखत घेणाऱ्याने ते वाचून विचारलं, म्हणजे तुम्ही काहीच केलं नाही का.