बोटांना न कळणारं तेल

तेल पारखायची एक पद्धत सगळीकडे चालते. थेंबभर तेल तर्जनीवर घ्यायचं, अंगठ्याने चोळायचं, डोळे किंचित बारीक करायचे आणि निकाल द्यायचा: "पाणी झालंय" किंवा "अजून दम आहे." पिकअपच्या ट्रान्सफर केसमधलं तेल बाहेर काढलं की ही परीक्षा हटकून होते. बऱ्याच गाड्यांत ते लालसर आणि पातळ निघतं. मग बघणारा हळहळतो, एवढ्या दणकट गाडीला हे सरबत कुणी घातलं? चांगलं दाट नव्वद नंबर घाला.

या परीक्षेत एक छोटीशी अडचण आहे. पेराएवढ्या जागेवर तुम्ही एक किलोचा जोर लावलात, तर तिथे दाब होतो साधारण एक वातावरणाइतका. गिअरचे दोन दात जिथे एकमेकांना टेकतात तिथे तो दहा हजार वातावरणांच्या घरात असतो. समुद्रातली सर्वांत खोल जागा म्हणजे मारियाना गर्ता, तिच्या तळाशीसुद्धा तो अकराशेच्या आसपासच भरतो. तेव्हा बोटांनी तेलाबद्दल मत देणं म्हणजे घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून पाणबुडी तपासण्यासारखं झालं.

आधी ट्रान्सफर केस ही पेटी कशासाठी असते ते पाहू. चारही चाकांनी ओढणाऱ्या पिकअपमध्ये गिअरबॉक्सच्या मागे एक वेगळी पेटी जोडलेली असते. गिअरबॉक्सकडून आलेली ताकद नुसती मागच्या चाकांना द्यायची, की पुढच्यांनाही, हे ती ठरवते. 'लो' घातलं की ती वेग साधारण दोन ते चार पटींनी कमी करून ओढ तेवढीच वाढवते. आत काय असतं हे मात्र गाडीगणिक बदलतं. जुन्या, बिडाच्या जाडजूड कवचाच्या पेट्यांत फक्त गिअर असत. नंतरच्या बहुतेक पेट्यांत पुढच्या शाफ्टकडे ताकद नेणारी रुंद चेन आली, 'लो'साठी प्लॅनेटरी गिअर आले, चालत्या गाडीत फोर व्हील घालता यावं म्हणून सिंक्रोनायझर आला. आणि ज्या गाडीच्या बटणावर 'ऑटो' लिहिलेलं असतं, तिच्या पेटीत तेलात बुडालेल्या क्लच प्लेटांचा एक गठ्ठाही असतो. तेलाचं सगळं रामायण या गठ्ठ्यापाशी घडतं. त्याच्याकडे येतोच.

त्याआधी 'नव्वद'बद्दल. इंजिनात चाळीस नंबर आणि गिअरला नव्वद, म्हणजे गिअरचं तेल दुपटीहून दाट, असा हिशेब भलेभले करतात. हे दोन आकडे दोन वेगळ्या पट्ट्यांवरचे आहेत. १०० अंश सेल्सिअसला इंजिनाच्या ४० नंबरच्या तेलाचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स असतो, आणि गिअर ऑइलची ९० ही श्रेणी सुरूच होते १३.५ पासून. म्हणजे दोघं जवळपास एकाच उंचीचे, फक्त एकाची उंची फुटात मोजली आणि दुसऱ्याची हातात. गिअर ऑइलच्या बाटलीवरच्या ७५डब्ल्यू-९० मधला 'डब्ल्यू' वजनाचा नव्हे, हिवाळ्याचा. थंडीत तेल किती वाहतं राहतं ते तो सांगतो. ते लाल सरबत, म्हणजे एटीएफ, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. त्याचा दाटपणा १०० अंशांना सहा-सात सेंटिस्टोक्स. पातळ आहे खरं, पण पाण्याच्या मानाने चांगलंच दाट. आणि लाल रंग नुसता रंग आहे, गळती कुठून होते ते ओळखायला मिसळलेला.

पातळ तेल दातांमधून पिळून निघत नाही का? इथे तेलाची एक गंमत आहे. प्रचंड दाबाखाली तेलाचा दाटपणा इतका वाढतो की दात एकमेकांना भेटतात त्या क्षणापुरतं ते जवळजवळ घन होतं. पोलादाचा दातही थोडा चपटा होतो आणि मधे मायक्रॉनहूनही पातळ थर टिकून राहतो. लीड्स विद्यापीठातले डाउसन आणि त्यांचे सहकारी हिगिन्सन यांनी १९५९ साली याचं गणित मांडलं. त्यातून निघालेला निष्कर्ष मला आजही चकित करतो. दातांवरचं ओझं दुप्पट केलं तरी हा थर जेमतेम पाच-दहा टक्क्यांनी पातळ होतो. पण तेलाचा दाटपणा किंवा दातांचा वेग निम्मा केला, तर तो चाळीस टक्क्यांच्या आसपास घटतो. म्हणजे जड माल लादल्यापेक्षा 'लो'मध्ये गोगलगायीच्या गतीने चढणं या थराला जास्त जड जातं. सगळा भार गिअरवरच असलेल्या जुन्या पेट्यांना दाट तेल का लागे, ते इथे कळतं. चेनच्या पेटीचं तसं नाही. चेनच्या शेकडो सांध्यांत आणि सुईसारख्या बारीक बेअरिंगांत तेल झटकन शिरलं पाहिजे, आणि आतल्या चिमुकल्या पंपाला ते थंडीतही ओढता आलं पाहिजे. त्यासाठी पातळच बरं.

दुसरा लोकप्रिय गैरसमज जीएल-४ आणि जीएल-५ या गिअर ऑइलच्या प्रतींचा. पाच मोठे, म्हणून पाच चांगलं. खरं तर जीएल-५ हे हायपॉइड गिअरसाठी. १९२० च्या दशकात पॅकार्ड या अमेरिकी कंपनीने मोटारीच्या मागच्या अॅक्सलमध्ये हे गिअर आणले. त्यांचे दात एकमेकांवर लोळण्यापेक्षा घसटत जास्त जातात. ही घसट सोसायला तेलात गंधक-फॉस्फरसची संयुगं घालतात. जिथे थर फाटून धातू धातूला भिडतो, तिथल्या उष्णतेने गंधक लोखंडाशी संयोग पावतं आणि एक पातळ बळीचा पापुद्रा बनतो. दाताऐवजी तो झिजतो. जीएल-५ मध्ये या संयुगांचं प्रमाण जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतं. पण ट्रान्सफर केसमध्ये हायपॉइड गिअर नसतातच. ते अॅक्सलमध्ये असतात. पितळी सिंक्रोनायझरला हे गंधक खातं असंही सांगतात. हल्लीच्या चांगल्या तेलांत तांब्या-पितळेचं रक्षण करणारी द्रव्यं असतात, गरम तेलात तांब्याची पट्टी बुडवून तिचा रंग किती काळवंडतो हे तपासलेलं असतं, त्यामुळे ती भीती पूर्वीइतकी उरलेली नाही. माझी हरकत निराळी आहे. सिंक्रोनायझरचं कामच मुळी घासण्याचं. दोन वेगांनी फिरणारे भाग तो घासून एका वेगावर आणतो. त्याला फार निसरडं केलंत तर तो करणार काय?

आता तो क्लच प्लेटांचा गठ्ठा.

गाडी कमी त्रिज्येत वळते तेव्हा पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात, म्हणजे पुढचा शाफ्ट मागच्यापेक्षा किंचित जास्त फिरायला हवा. हा फरक 'ऑटो' पेटीत क्लच प्लेटा एकमेकींवर घसरून सामावून घेतात. घसरणं अतिशय संथ, मिनिटाला काही फेरे इतकंच. शाळेत शिकलो होतो की स्थितिक घर्षण गतिक घर्षणापेक्षा जास्त असतं: जड पेटी हलवायला जोर लागतो, एकदा हलली की सरकते. नेमकं हेच इथे नडतं. प्लेटा चिकटतात. चाकं फिरतच असतात, म्हणून शाफ्ट स्प्रिंगसारखा पिळला जातो. पीळ पुरेसा झाला की प्लेटा सुटतात, सुटताच घर्षण एकदम कमी होतं, शाफ्टचा पीळ झटक्यात उलगडतो, ताण संपला की प्लेटा पुन्हा चिकटतात. असं सेकंदाला कित्येक वेळा. गाडी वळताना बुडाखालून घर्रर्र असा थरकाप येतो तो हाच. फळ्यावर खडू उभा धरला की किंचाळतो तो याच नियमाने. बिजागरी कुरकुरते तीही तशीच. व्हायोलिनवाला तर गजाला राळ लावून ही चिकट-सुट मुद्दाम घडवून आणतो आणि आपण टाळ्या वाजवतो.

मग तेलाने काय करायचं? प्लेटा निसरड्या केल्या तर क्लच ताकदच नेणार नाही. घर्षण तर हवं, पण त्याची चाल उलटी हवी: संथ घसरताना कमी, वेग वाढेल तसं किंचित वाढणारं. वेग आडव्या अक्षावर आणि घर्षण उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढला तर तो चढता हवा. चढत्या आलेखात घसरणं चुकून वेगावलं तर घर्षण वाढून त्याला आवरतं, मंदावलं तर घर्षण सैल होऊन त्याला पुढे जाऊ देतं. उतरत्या आलेखात याच्या नेमकं उलट: वेगावलं की घर्षण अजून कमी, म्हणून अजून वेग. गणितात याला ऋण अवमंदन म्हणतात. आंदोलन शमवण्याऐवजी त्याला दर फेरीला थोडी ऊर्जा पुरवणारं घर्षण! घर्षण ऊर्जा खातं हे आपण पाठ केलेलं असतं, त्यामुळे हे वाक्य पहिल्यांदा वाचताना थोडं अडखळायला होतं. मलाही झालं होतं.

आलेखाचा हा उतार फिरवतात ते लांबट रेणू. त्यांचं डोकं धातूला चिकटणारं, शेपूट सोळा-अठरा कार्बनांचं आणि तेलात रमणारं. लाखो रेणू पृष्ठभागावर डोकं टेकून उभे राहतात आणि गालिच्यासारखं आच्छादन तयार होतं. दोन गालिचे एकमेकांवरून संथ सरकले तर रेणूंना वाट करून द्यायला वेळ मिळतो. वेगात तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून घर्षण वेगाबरोबर हळूहळू वाढतं. आता याच पेटीत कुणी जीएल-५ ओतलं की काय होतं पाहा. गंधक-फॉस्फरसवाले रेणूही त्याच धातूवर जागा मागतात. खुर्च्या तेवढ्याच, उमेदवार दुप्पट. गालिचा विरळ होतो, आलेख उतरता होतो आणि नवं कोरं, महागडं, दाट तेल घातल्यावर गाडी थरथरू लागते. मग पेटी खराब झाल्याचं निदान होतं.

या रेणूंच्या इतिहासात एक देवमासाही आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या सुरुवातीच्या तेलांत हे काम स्पर्म व्हेलचं तेल करत असे. ते नेहमीच्या तेलातुपासारखं नसून द्रवरूप मेण आहे, रेणू लांबट आणि उष्णतेला टिकणारे. १९७० च्या सुमारास अमेरिकेने हा देवमासा संकटग्रस्त ठरवला आणि ते तेल बंद झालं. रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. होहोबा नावाच्या वाळवंटी झुडपाच्या बियांतलं तेलही असंच द्रव मेण असल्यामुळे त्याला तेव्हा एकदम भाव आला. आज ते शांपूच्या बाटलीवर मिरवतं.

बाटल्यांवरून आठवलं. 'तेलात ही बाटली ओता, झिजलेला धातू भरून येईल' असं सांगणारी चमत्कारी द्रव्यं सगळीकडे विकली जातात. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने इंजिनात ओतायच्या अशा काही द्रव्यांच्या उत्पादकांवर निराधार दाव्यांबद्दल कारवाई केली होती. धातूला जखम भरून काढणारी पेशी नसते. झिजला तो झिजला. इंजिनात अशी बाटली बहुधा फुकट जाते, पण क्लचच्या पेटीत ती त्या गालिच्यावर पाय देते. अंगारा लावलेला परवडला, तो निदान बाहेरून लावतात.

तर मग घालायचं काय? पेटीत जे असेल त्याला लागेल ते. उदाहरणादाखल एकाच घराण्यातल्या तीन पेट्या घ्या. न्यू प्रोसेस या कंपनीची एनपी २०५ ही बिडाची, सगळी गिअरची. तिला गिअर ऑइल. एनपी २३१ मध्ये चेन आणि प्लॅनेटरी. तिला डेक्सरॉन जातीचं एटीएफ. पुढच्या पिढीतल्या एनव्ही २४६ मध्ये 'ऑटो'चा क्लच आला. तिला जनरल मोटर्सचं ऑटो-ट्रॅक २ हे निळं तेल, जे त्या क्लचसाठीच बनवलेलं आहे. बाहेरून तिघी बहिणी, आतून तीन स्वभाव. म्हणून मॅन्युअलमध्ये नुसतं ७५डब्ल्यू-९० न बघता त्यापुढचं जीएल आणि कंपनीचा तपशीलक्रमांकही बघावा. पेटी मागे कधी बदललेली असेल तर तिच्यावरच्या पत्र्याच्या पट्टीवरचा नंबर खरा, गाडीच्या पुस्तकातला नव्हे.

एक थरथर मात्र कुठल्याच तेलाने जाणार नाही. साध्या, बिनक्लचच्या पेटीत फोर व्हील घालून कोरड्या डांबरावर वळलात, तर पुढचा-मागचा फरक सामावायला आत काहीच नसतं. गाडी अडून अडून चालते, टायर फरफटतात. टू व्हीलवर या, झालं.

खोल पाण्यातून गाडी नेली असेल तर मुदतीची वाट न बघता तेल उघडून पाहावं. तापलेली पेटी गार पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि सीलमधून नाहीतर ब्रीदरमधून, म्हणजे पेटीच्या हवा जायच्या वाटेतून, पाणी आत ओढते. दुधी तेल दिसलं तर ते लगेच काढायचं. चुंबकाच्या प्लगवर राखाडी लगदा असणं चालतं. बोटाला टोचणारे कपचे नकोत. हे मात्र बोटांना कळतं.

आणि तेल बदलताना वरचा, भरायचा प्लग आधी सोडवून बघा, खालचा नंतर. वरचा गंजून अडकलेला असतो, हे तेल सगळं खाली सांडल्यावर कळून उपयोग नसतो. गाडी सपाट जागी ठेवून वरच्या भोकातून तेल ओघळू लागेपर्यंत भरायचं. बहुतेक पिकअपमध्ये एक-दोन लिटरच मावतं. क्लचची पेटी असेल तर नंतर सावकाश, दोन्ही बाजूंना, आठच्या आकड्यासारखी चार-सहा वळणं घ्या. जुनं तेल प्लेटांच्या अस्तराच्या बारीक छिद्रांत मुरलेलं असतं, ते घसरता घसरताच बाहेर पडतं. घरघर कमी झाली पण गेली नाही, तर थोडे दिवस चालवून त्याच जातीचं तेल आणखी एकदा बदलून बघा, आणि मगच पेटी खोलायला द्या.